नानांची कंबर, माझी टिक

कमरेच्या एक्स-रेसाठी माणूस टेबलावर आडवा झाला की त्याच्या खिशात काय आहे हे त्याच्या घरच्यांच्या आधी मला कळतं. चुन्याची डबी, मोटरसायकलची किल्ली, करदोट्याला बांधलेला ताईत, ब्लाउजला लावून विसरलेली पिन, पदराची जर. एकदा एका गृहस्थांच्या फिल्मवर उजव्या खुब्याशी दोन लांब स्क्रू दिसले. आमचे डॉक्टर त्यांना पाच मिनिटं विचारत होते, "ऑपरेशन कधी झालं? कुठे झालं?" गृहस्थ शपथेवर सांगत होते की आयुष्यात टाकासुद्धा पडलेला नाही. शेवटी मी त्यांना खिसा उलटा करायला लावला. स्क्रू छताच्या पंख्याचे होते. दुकानात दाखवून तसेच दुसरे आणायला निघाले होते, वाटेत एक्स-रे उरकून घ्यावा म्हणाले.

त्या दिवशी माझ्या यादीत 'खिसे' या शब्दापुढे 'उलटे करून' हे दोन शब्द वाढले.

यादीचं आधीच सांगून टाकते, कारण पुढे तिचाच विषय आहे. मी सात रस्त्याजवळच्या एका तपासणी केंद्रात एक्स-रे आणि सीटीची टेक्निशियन आहे. वीस-बावीस वर्षं झाली. शुक्रवार पेठेतल्या घरून स्कूटरवर निघते, नऊला मशीन गरम करते, आणि दिवसभर याद्यांवर चालते. घरी फ्रिजवर यादी, पर्समध्ये यादी, मशीनच्या खोलीत दाराच्या आतल्या बाजूला यादी. माझे यजमान म्हणतात, सहलीला जाताना हिच्या यादीतली पहिली नोंद 'यादी घेणे' अशी असते. हे खोटं आहे. ती तिसरी असते.

पण आमच्या कामात यादी लागते. बाहेरच्या माणसाला वाटतं, बटण दाबलं की फोटो येतो. बटण सगळ्यात शेवटी येतं. त्याआधी नाव तपासा, बाई असेल तर दिवस गेले आहेत का विचारा, धातू काढा, डावं-उजवं लिहा, माणूस सरळ ठेवा, एक्स-रेची नळी योग्य कोनात आणा आणि श्वास धरायला सांगा. हा श्वास आमच्या गावात चार भाषांमधून धरावा लागतो. मराठीत "श्वास रोखा". अक्कलकोटकडची कानडी आजी असली तर "उसिरु हिडकोरी". विणकरांच्या घरातली तेलुगू अम्मा असली तर "ऊपिरि बिगबट्टंडी". चौथ्या भाषेसाठी, म्हणजे इथल्या दखनी हिंदीसाठी, आमचे रशीदभाई आहेत. रशीदभाई म्हणजे रुग्णाला टेबलावर चढवणारे, उतरवणारे आणि मधल्या वेळात त्याला हसवणारे आमचे मदतनीस. ते "सांस रोको खाला, हलू नक्को" म्हणाले की खालाच काय, दारातला शिपाईसुद्धा श्वास रोखतो.

आणखी एक नियम आहे, तो यादीत लिहिलेला नाही. आम्ही सावली काढतो, तिला नाव देत नाही. नाव द्यायचं काम डॉक्टरांचं. पण रुग्णाला समोर मी दिसते, डॉक्टर आतल्या खोलीत. त्यामुळे प्रत्येक जण टेबलावरून उतरता उतरता विचारतो, "काय निघालं मॅडम?" पूर्वी मी म्हणायची, "फिल्म छान आली आहे." तेवढ्यावर एक जण पेढे घेऊन आले, तेव्हापासून ते वाक्य बंद केलं. आता म्हणते, "डॉक्टर सांगतील." एका आजींनी मला वरपासून खालपर्यंत बघून विचारलं होतं, "इतकी वर्षं करतेस आणि तुला कळत नाही होय गं?" फार लागलं होतं ते. कळतं हो आजी. बरंच कळतं. बोलायचं नसतं.

आता थोडं शरीरशास्त्र, भिऊ नका. पाठीचा कणा खाली येऊन जिथे कमरेच्या रुंद हाडांमध्ये पाचरीसारखा बसतो, तिथे दोन्ही बाजूंना एकेक सांधा असतो. पाठ उघडी असली तर ढुंगणाच्या वर दोन खळ्या दिसतात ना, साधारण त्यांच्या आत. आम्ही त्याला एसआय जॉइंट म्हणतो. गुडघ्यासारखा हा सांधा वाकत नाही, जेमतेम हलतो. म्हणून तो दुखेपर्यंत कोणाला त्याचं नावही माहीत नसतं. त्यातून तो तिरपा बसलेला. समोरून सरळ फोटो काढला तर सांध्याची पुढची कड आणि मागची कड एकमेकींवर पडतात. दोरीवर दोन चादरी मागे-पुढे वाळत घातल्या आणि समोरून बघितलं तर कुठली नक्षी पुढच्या चादरीची आणि कुठली मागच्या चादरीची, हे सांगता येत नाही, तसं. म्हणून एसआय बघायचा असला की नळी डोक्याच्या दिशेला तिरपी करून आणखी एक फिल्म काढायची. माझ्या यादीत सातव्या क्रमांकावर लिहिलेलं आहे: 'एसआय असेल तर तिरपी'.

नाना पहिल्यांदा आले तो सोमवार होता. सोमवारी आमच्याकडे जत्रा असते. रविवारभर दुखणं सोसलेली माणसं सोमवारी सकाळी एकदम येतात. नाना उजनी धरणाच्या फुगवट्याकाठच्या एका गावचे. केळी, थोडा ऊस, पाण्यावर दोन मोटरी. वय त्रेसष्ट, अंगानं भरलेले, पांढरा सदरा, टोपी. पाठ ताठ, जरा पुढे कललेली. चिठ्ठीवर 'पेल्व्हिस आणि एसआय जॉइंट' लिहिलेलं.

टेबलावर आडवे झाले तर डोकं वर अधांतरी. पाठ टेबलाला टेकली, डोकं टेकेना. पाय सरळ केले की कंबर उचलायची.

रशीदभाईंनी दोन्ही हात खांद्यांवर ठेवले. "मॅडम, जरा दबाऊं क्या?"

"अजिबात नाही."

"दाबू नका ओ पाव्हनं," नाना छताकडे बघत म्हणाले, "लाकूड हाय त्ये. मोडलं तर बदलून मिळत न्हाय."

"लकडी भी पुरानी सागवान है नाना," रशीदभाई म्हणाले आणि उशी आणायला गेले.

डोक्याखाली उशी दिली, गुडघ्यांखाली उशी दिली, सरळ फिल्म काढली. बाहेर अकरा माणसं, त्यात एक हात मोडलेलं रडतं मूल. नाना घामाघूम झाले होते. तिरपी काढायची तर गुडघ्याखालची उशी काढून पुन्हा सगळं जमवावं लागलं असतं. मी म्हटलं, झालं, उतरा नाना.

दर रुग्णामागे एक छापील स्लिप असते, तिच्यावर चौकोन असतात. प्रत्येक गोष्ट केली की टिक करायची. ही पद्धत केंद्रात मीच आणली, मोठ्या अभिमानानं. पण सोमवारी मी काय करायची, सकाळी पंधरा-वीस स्लिपांवर सगळ्या टिका आधीच करून ठेवायची. कारण मी सगळं करतेच, मग टिक आधी केली काय आणि नंतर केली काय. नानांच्या स्लिपवरही सातव्या चौकोनात टिक होती. सुबक, निळ्या शाईची.

रिपोर्ट गेला: दोन्ही एसआय सांधे जुळलेले दिसतात, अँकिलोजिंग स्पॉन्डिलायटिसची शक्यता, तज्ज्ञांचा सल्ला घ्यावा.

या आजारात कमरेचे सांधे आतून सुजतात, झिजतात आणि हळूहळू त्यांची फटच बुजते. मग तीच गोष्ट कण्यात वर चढते. तो बहुतेकदा तरुण वयात सुरू होतो आणि काही घरांत पुढच्या पिढीतही दिसतो. हे सगळं मला अर्थातच त्या सोमवारी आठवायची गरज वाटली नाही. मी रडत्या मुलाचा हात सरळ करत होते.

सहा आठवड्यांनी नाना पुन्हा आले. या वेळी छातीच्या फोटोची चिठ्ठी. बरोबर एक मुलगी, तेविशीतली, ट्रॅक पँट आणि वर कुर्ता, हाताची घडी घालून भिंतीला टेकलेली.

"वळखलं का मॅडम? लाकूड."

"ओळखलं की. आज छाती?"

"व्हय. सुई सुरू करायच्या आदी छाती बघत्यात म्हनं. पुढल्या सोमवारी पयली सुई. लई जालीम सुई हाय, अंगातली ताकद कमी करती म्हनं, पर हाडं जुळायची थांबत्यात."

"आणि या?"

"ही दीपाली. माजी थोरली. पोलीस भरतीला पळती." जरा थांबून म्हणाले, "पळत हुती."

"होती म्हणजे?"

"बंद केलं म्या. तिची बी कंबर दुकाय लागली. रोग रक्तात असतोय, मला सांगितलंय डॉक्टरनी. माजं झालं त्ये झालं. हिनं पळून पळून हाडं जुळवून घेतली तर काय करायचं?"

दीपाली भिंतीकडेच बघत बोलली. "ग्राउंड अडीच आठवड्यांवर आलंय मॅडम. दोन वर्सं पळालीय मी. बूट फाटलेलं हायत म्हनून कंबर दुकती म्हनलं तर ऐकंनात."

"बूट फाटलेलं काय, पोरीची कंबर फाटली तर?"

"कंबर फाटती व्हय नाना कुटं!"

"बगा. पोलीस झाल्यावानीच बोलती."

मी नानांना छातीच्या पाटीला लावून उभं केलं, श्वास धरायला सांगितला आणि फोटो काढला. छातीच्या फोटोत आम्ही बघतो ती फुप्फुसं. दोन्ही स्वच्छ होती. मी पुढच्या माणसाला हाक मारणार, तेवढ्यात माझी नजर मधल्या पट्ट्यावर गेली, जिथे कण्याची पुसट सावली असते. कण्याची डावी कड नेहमीसारखी होती. उजवी कड मात्र जाड, ओघळलेली. मेणबत्ती बराच वेळ जळल्यावर बाजूनं मेण उतरतं आणि तसंच थिजतं, तसं हाड एका मणक्यावरून दुसऱ्यावर उतरलेलं, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर.

असं मी याआधी दोन-तीनदा पाहिलं होतं आणि प्रत्येक वेळी आमच्या डॉक्टरांनी एकच सांगितलं होतं. हा वेगळा प्रकार. यात सांधे आतून सुजत नाहीत. उतारवयात, बऱ्याचदा मधुमेही माणसात, कण्याच्या पुढच्या बाजूला जादाचं हाड तयार होत जातं. ते छातीच्या मणक्यांवर जास्त करून उजवीकडे दिसतं, कारण डावीकडे हृदयातून निघालेली मोठी धमनी सतत ठोके देत असते आणि तिथे हाड सहसा टिकत नाही, असं मानतात. याचं इंग्रजी नाव चार शब्दांचं आहे. मी ते स्पेलिंगसकट लिहून ठेवलेलं आहे, पण दिवाळीच्या अंकात त्याचं काही काम नाही.

मी संगणकावर नानांची जुनी कंबर उघडली. खरंच दोन्ही सांधे बुजल्यासारखे दिसत होते. पण कमरेच्या हाडांच्या वरच्या कडेला, जिथे स्नायू चिकटतात तिथे, हाडाच्या मिशा फुटल्या होत्या. दाट, झुबकेदार. आणि मग मी तिरपी फिल्म शोधायला लागले. ती नव्हती.

सातव्या चौकोनातली टिक मात्र मला आठवली.

बाहेर आले. रुग्णाला निदान सांगायची मला मनाई आहे, प्रश्न विचारायची नाही. "नाना, पाठ आखडायला लागून किती वर्षं झाली?"

"असतील की पाच-सात."

"तरुणपणी? पंचवीस-तिशीत?"

"तवा? तवा मी केळीचा घड खांद्यावर टाकून पळत हुतो."

"सकाळी उठल्यावर मोकळं व्हायला किती वेळ?"

"च्या पिऊन गोठ्यात जाऊस्तोवर. मंग काय न्हाय."

"साखर आहे?"

"बारा वर्सं. गोळ्या चालू हायत." नानांनी डोळे बारीक केले. "का ओ? काय निघालं काय?"

"डॉक्टर सांगतील," मी म्हटलं आणि आत गेले.

आमचे डॉक्टर रिपोर्ट सांगत होते. ते मोठ्यानं बोलून टाइप करून घेतात, त्यामुळे मध्ये बोलायचं म्हणजे वाक्य संपायची वाट बघावी लागते. मी वाट बघितली. मग दोन्ही फिल्म शेजारी शेजारी लावून दाखवल्या आणि येत्या सोमवारच्या सुईचंही सांगितलं.

ते खुर्ची ओढून पडद्याजवळ सरकले. मग म्हणाले, "तिरपी फिल्म कुठाय?"

"नाही."

त्यांनी जुनी स्लिप काढून घेतली. "इथे टिक आहे."

"टिक आहे. फिल्म नाही."

त्यांनी चष्मा काढला. मी पुढे होऊन सगळं सांगितलं: सोमवार, आधीच केलेल्या टिका, उशा, रडतं मूल. सांगता सांगता रडतं मूल मला फारच क्षुल्लक कारण वाटायला लागलं, म्हणून ते अर्ध्यात सोडून दिलं.

"तिरपी असती तरी खात्री झाली नसती," ते म्हणाले. "पण मला शंका आली असती. आणि तिरपी नाही हे रिपोर्ट देताना मला दिसायला हवं होतं. मी मोजल्या नाहीत फिल्म. तुमची टिक आहे म्हटल्यावर मोजतच नाही मी." शेवटचं वाक्य त्यांनी कौतुकानं म्हटलं की नाही, मला अजून ठरवता आलेलं नाही. "आपण दोघं नंतर भांडू. सोमवारची सुई म्हणालात ना?"

त्यांनी नानांच्या संधिवाताच्या डॉक्टरांना फोन लावला. तिकडून ते म्हणाले, माझ्याही मनात होतंच, वय बसत नाही, रक्ताचे रिपोर्ट जुळत नाहीत, पण सांधे जुळलेत असं कागदावर असल्यावर काय करणार. सीटी करून घ्या.

सीटी म्हणजे पावाच्या लादीचे पातळ काप. एक्स-रेत सगळी लादी एकाच सावलीत असते, सीटीत एकेक काप वेगळा बघता येतो. पुढचं पुढे, मागचं मागे. चादरी दोरीवरून काढून एकेक घडी उलगडावी तशा.

नाना सीटीच्या टेबलावर. पुन्हा उशा. रशीदभाई म्हणाले, "नाना, इस बार मॅडम खुद उशी लगा रहीं, व्हीआयपी हो गए तुम."

"व्हीआयपी म्हनल्यावर भ्याव वाटतंय," नाना म्हणाले. "मॅडम, खरं सांगा. लई वाईट हाय काय?"

"नाना, हलू नका. दोन मिनिटं."

काचेपलीकडे बसून मी काप वरून खाली सरकवत होते. माझ्यामागे डॉक्टर उभे. कणा, त्यावरचं ओघळलेलं हाड. मग कमरेची हाडं. मग सांधा. पहिल्या काही कापांत पुढच्या कडेला हाडाचा जाड पूल, इकडून तिकडे. म्हणजे जुळलेलेच, मला वाटलं. मग पुढचा काप, त्याच्या पुढचा, आणि पुलाच्या मागे एक बारीक, काळी, अखंड रेघ. फट. डावीकडे फट, उजवीकडे फट. कुठे कुरतडलेलं नाही, कुठे बुजलेलं नाही. दाराला बाहेरून कडी घातलेली होती. आतून भिंत बांधलेली नव्हती. सरळ फिल्मवर कडीची सावली फटीवर पडली आणि आम्हाला वाटलं, दारच नाही.

"उघडी आहे," डॉक्टर म्हणाले. मी तो काप त्यांच्यासाठी तसाच थांबवून ठेवला. नाव देणं माझं काम नाही.

दुपारी त्यांनी नानांना आणि दीपालीला समोर बसवून सांगितलं. सोमवारची सुई घ्यायची नाही, तुमच्या संधिवाताच्या डॉक्टरांशी बोलणं झालं आहे, त्यांना आजच भेटा. हा आधी वाटला तो आजार नाही. जादाचं हाड वाढतं, पाठ ताठ होते, पण सांधे आतून शाबूत आहेत. साखर ताब्यात ठेवा, रोज चाला. आणि पडायचं मात्र नाही. असा जुळलेला कणा साध्या पडण्यानंही मोडू शकतो. पडलात तर 'काय झालं नाही' म्हणून घरी बसू नका.

नानांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "मंजी पोरीला व्हनार न्हाय?"

"तुमच्या त्या कागदावरून तिला घरात बसवायचं काही कारण नाही. तिची कंबर दुखते तर हाडाच्या डॉक्टरांना दाखवा, बूट बदला. पळायचं की नाही ते त्यांना ठरवू दे."

मला वाटलं होतं मुलगी खूश होईल. ती खुर्चीत वळली आणि म्हणाली, "सा आठवडे, नाना."

"अगं, मला काय ठावं..."

"सा आठवडे! पायाच्या पोटऱ्या मऊ पडल्या माज्या."

नाना टोपी काढून हातात फिरवायला लागले. त्या ताठ माणसाला मान खाली घालणंसुद्धा धड जमत नव्हतं.

खरं तर इथे माझं काम संपलं होतं. डॉक्टर म्हणाले होते, अधिक तपासणीत वेगळं दिसलं एवढं आपण सांगू. ते खरंच होतं. पण बिलाच्या खिडकीपाशी दीपाली एकटी उभी होती आणि वडिलांनी मघाशी बोलणी खाल्ली होती, माझ्या वाटणीची. मी तिला बाजूला घेतलं.

"दीपाली, ती पहिली फिल्म मी काढली होती. आणखी एक काढायला हवी होती. काढली नाही, आणि काढली अशी खूण केली. नानांवर चिडू नकोस."

ती माझ्याकडे बघत राहिली. पोलिसात नक्की शोभेल अशी नजर. मला वाटलं, आता तक्रारवही मागणार. ती मी कुठे ठेवली आहे हे आठवायलाही लागले होते.

"मंग आता तुमी पळा माज्याबरूबर," ती म्हणाली. "कोन न्हाय सोबतीला. समद्या पोरी पुढं निघून गेल्या."

"मी? या वयात?"

"मंग नका सांगू मला, चिडू नको म्हनून."

तेवढं बोलून तिनं माझा नंबर मात्र मागून घेतला.

हाडाच्या डॉक्टरांनी तिला तपासलं. स्नायू ताणला होता, बूट खरंच गेले होते. आठवडाभर त्यांनी सांगितलेले व्यायाम करून ती पुन्हा पळायला लागली. म्हणजे मैदानी चाचणीपर्यंत हातात राहिले जेमतेम नऊ-दहा दिवस. चाचणीच्या दिवशी मी तीन वेळा फोन बघितला. संध्याकाळी तिचाच आला.

"गोळा चांगला गेला मॅडम. शंभर मीटर बी बरं झालं. आठशेत गेले."

"गेले म्हणजे?"

"दुसऱ्या फेरीला दम फुटला. सा आठवडे घरात बसून भाकरी थापल्या की ओ. भाकरी थापून फुप्पुस वाढत न्हाई." ती हसली. मला हसता आलं नाही. "यादीत न्हाय बसत मी."

"दीपाली, माझं चुकलं गं."

"सांगितलंय की तुमी एकदा. किती बार सांगनार?" मग जरा थांबून, "वय हाय माजं अजून. पुढची भरती निगंल की."

त्यानंतर मी टिका आधी करत नाही. एक गोष्ट झाली की एक टिक, मग पुढची गोष्ट. सोमवारी त्यामुळे पंधरा मिनिटं उशीर होतो, बाहेरची माणसं कुरकुर करतात, आणि रशीदभाई नव्या टेक्निशियन मुलींना सांगतात, "मॅडम का पेन देखके चलने का. पेन नै हिला तो पेशंट नै हिलता." चालायचंच. एवढ्या वर्षांत मी हजारो कंबरा काढल्या असतील. त्यातल्या बहुतेक बरोबर काढल्या. पण बरोबर आलेली फिल्म घेऊन माणूस निघून जातो आणि पुन्हा भेटत नाही. लक्षात राहिली ती ही एक.

यंदाच्या उन्हाळ्यात दीपालीनं मला एक व्हिडिओ पाठवला. तिच्या मैत्रिणीनं काढलेला, सकाळचा. फुगवट्याचं पाणी उतरल्यावर मागे सपाट, भेगाळलेली जमीन उघडी पडते. तिथे त्यांनी फक्कीनं मोठं वर्तुळ आखलं आहे, त्यावर सुरुवातीची आणि शेवटाची एकच आडवी रेघ. बरोबर मध्यभागी नाना उभे, हातात मोबाइल उघडा, त्यात घड्याळ चालू. दीपाली वर्तुळावरून पळते आहे. नव्या बुटांत.

नानांना तिच्यावर नजर ठेवायची आहे. पण मान वळत नाही, कंबर वळत नाही. म्हणून ते आख्खेच्या आख्खे वळताहेत. बारीक बारीक पावलं टाकत, जागच्या जागी, मोबाइल छातीशी धरून. तिची एक फेरी, नानांची एक फेरी. एक फेरी झाली, दोन झाल्या. तिसरीला ती वेग वाढवते. नाना पावलं भराभर टाकतात, धूळ उडते, पण पोरगी आता त्यांच्यापेक्षा जोरात फिरते आहे आणि एका क्षणी ती त्यांच्या समोरून निसटून पाठीमागे जाते.

"कुटं गेली?" नाना वळता वळता ओरडतात. "कुटं गेली गं?"

"हितं हाय नाना!" रेघ ओलांडून ती त्यांच्या पाठीमागून ओरडते. "घड्याळ थांबवा की!"

नाना अजून वळतच असतात.